दिवा १६ तास की १२ तास?

घरात दिव्याखाली झाडं लावली की पहिला प्रश्न टायमरचा. पानांसाठी लावलेल्या तुळशीला, लेट्यूसला मी डोळे झाकून १६ तास देतो. दिवा साधा असला तरी तास वाढवून उजेडाची भरपाई होते: १५० मायक्रोमोलचा (दर चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या उजेडाचं माप) दिवा १६ तास आणि २०० चा १२ तास, दिवसाचा हिशेब दोन्हीकडे ८.६४ मोल (१ मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). पालक मात्र फसवतो. दिवस लांबला की मधूनच दांडा उंचावतो, पानं टोकदार होतात आणि फुलोरा येतो. त्याला १२ तासच बरे.

शेवंती आणि पॉइनसेटियाचं गणित उलटं. १६ तासांत नुसती हिरवीगार वाढतात, कळीचा पत्ता नाही. १२ तासांवर आणलं की कळ्या धरायला लागतात. खरं तर ही झाडं दिवस नाही, रात्र मोजतात. उजेड आहे की अंधार, हे त्यांना पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य सांगतं. म्हणून १२ तासांच्या पद्धतीत शिस्त कडक लागते. मध्यरात्री पाणी घालायला म्हणून खोलीतला दिवा लावला, तर तेवढ्यानेही लांब रात्र तुटते. माझी शेवंती एकदा अशीच रुसली होती. १६ तासांत असली भानगड नाही, एखाद्या दिवशी टायमर चुकला तरी लेट्यूस तक्रार करत नाही.

२४ तास दिवा? टोमॅटोची पानं त्यात पिवळी पडतात.