स्विफ्टच्या आरशांना कार्बन फायबरचा अभ्रा

ठाण्यात नौपाड्याला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. गाड्यांमधलं मला पेट्रोल आणि हवा यापलीकडे काही कळत नाही. पण आमच्या २०१५ च्या पांढऱ्या स्विफ्टच्या आरशांना वर्षभरात दोनदा कार्बन फायबर, म्हणजे तसं दिसणारं व्हिनाइल, प्लॅस्टिकचा चिकट कागद, चढवून झालं, एकदा फसून आणि एकदा नीट. दुसऱ्या वेळी कारागिराशेजारी स्टूल टाकून बसले, आणि हे तर आपलंच काम आहे असं वाटायला लागलं.

खूळ मुलाचं. दारांच्या काचांमधल्या पिलरवरचे काळे पट्टे उन्हाने पांढुरके पडून कडेने सुटले होते, म्हणजे तेवढं काम होतंच. त्याला मात्र बॉनेट, टप, आरसे, सगळंच कार्बनचं हवं होतं. मॅक्लारेनने १९८१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा कार्बन फायबरचा सांगाडा आणला, हे मी मेथी निवडत असताना त्याने मला तीनदा ऐकवलं. म्हटलं, अरे बाबा, त्यांनी तो वजन कमी करायला आणला. आपण वरून कागद चिकटवून वजन वाढवणार.

पहिल्यांदा गेलो ते घोडबंदर रोडवरच्या एका सीटकव्हरवाल्याकडे, गेल्या वर्षी फेब्रुवारीत. दोन आरशांचे ८०० रुपये आणि पंचवीस मिनिटांत काम फत्ते. तेव्हाच ओळखायला हवं होतं. आरशाची टोपी, म्हणजे मागचं झाकण, न काढताच त्याने व्हिनाइल ओढून बसवलं आणि जादाचं गाडीवरच ब्लेडने कापलं, अगदी काठाला लागून. माया म्हणून सुतभरही सोडली नाही. मायेशिवाय शिवलेली बाही किती टिकते? एप्रिलमध्ये कडेला धुळीची काळी रेघ दिसायला लागली आणि मेमध्ये कोपरा फडफडायला लागला. सोलून काढलं तर खालच्या पांढऱ्या रंगावर ब्लेडची बारीक रेघ, थेट टोपीभर. नशीब टोपी प्लॅस्टिकची आहे, गंजायचा प्रश्न नाही.

डिसेंबरात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात गेलो. मालक तिशीतला मुलगा, मला पहिल्यापासून ताई म्हणत होता. मी मागची हकिगत सांगितली तर त्याने दोन तुकडे हातात दिले. म्हणाला, "ताई, हा लाटलेला आणि हा ओतलेला." स्वस्त व्हिनाइल रोलरमधून दाबून, ताणून पातळ करतात, चांगलं व्हिनाइल पातळ ओतून सुकवतात. मला लगेच उलगडलं. मैद्याची पुरी लाटली की पोळपाटावरच आकसते. घावन तव्यावर ओतलं की ओतलं तिथेच राहतं. ताणलेलं व्हिनाइल मेच्या उन्हात आपल्या मूळ मापाला परत जायला बघतं आणि कडा सोडतं. आमचे आरसे तसेच सुटले होते.

त्याने थ्रीएम कंपनीच्या २०८० सिरीजचा काळा कार्बन लावला. रोलचा पन्हा ६० इंच. बोट फिरवलं की वीण हाताला लागते. खऱ्या कार्बनच्या कापडात बहुतेकदा दोन धागे वर, दोन खाली अशी तिरकी वीण असते, आपल्या गॅबर्डिनची चुलत बहीणच. त्यावर रेझिनचा थर असल्यामुळे आत खोल पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. व्हिनाइलमध्ये ती खोली येत नाही, नुसता ठसा असतो. दोन हातांवरून कोणीही फसेल, नाकाजवळ नेलं तर नाही. चकचकीत, काचेसारखा प्रकारही त्याच्याकडे होता. मुलाला तोच हवा होता, मी नको म्हटलं. त्यावर ओरखडा लगेच दिसतो आणि आमच्या सोसायटीत गाडी पुसणारा ज्या फडक्याने पुसतो ते मी बघितलंय.

आरशाचं काम मात्र बघण्यासारखं. आधी टोपी खटक्यांतून सोडवून बाहेर काढली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आतल्या कडेपर्यंत. मग तुकडा बेतला, चहूबाजूंनी तीन-तीन बोटं जास्त. ग्लासवर ओला रुमाल पसरावा तसा तो टोपीवर पसरून हीटगनने हलकेच गरम केला आणि दोन्ही हातांनी एकदम खाली ओढला. झोळ सगळे कडेला गेले. तिथे पुन्हा गरम करून, उचलून, बोटाने जिरवले. छातीवरचा टक्स न घालता नुसत्या इस्त्रीने गोलाई आणायची म्हणजे काय, ते मला माहीत आहे, म्हणून सांगते, सोपं नाही हे. जास्त ओढलं तर विणीतले चौकोन लांबुळके होतात, जास्त तापलं तर ठसाच सपाट होऊन तिथे चमकतं. जादाचं टोपीच्या आत दुमडून मगच कापलं, त्यामुळे ब्लेड दिसणाऱ्या रंगाला कुठेच लागलं नाही. शेवटी सगळ्या कडा परत तापवल्या. कोविडमध्ये कपाळाला लावायचे तसल्या गनने तो उष्णता मोजत होता, ९५ अंश सेल्सिअस. म्हणे एवढं तापवलं की व्हिनाइल ताणण्याआधीचं माप विसरतं. आम्ही कापड आधी भिजवून आटवून घेतो, तेच.

आता चूक. पिलरचे पट्टे मदतनीस मुलाने लावले. उतरून लांबून बघितलं तर डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर वीण एका अंगाला झुकलेली आणि मागच्या दारावर दुसऱ्या. माझ्या मुलाला दिसेना, मदतनीस "चलता है" म्हणाला. मी म्हटलं, चौकड्याच्या ब्लाउजला पाठ उभी आणि पुढा आडवा कापून दिला तर गिऱ्हाईक पैसे देईल का? मालक बाहेर आला, मान वाकडी करून दोन मिनिटं बघितलं आणि काही न बोलता मागचा पट्टा सोलला. तुकडा वाया गेला, जादा पैसे मागितले नाहीत. माझ्या मते या दुकानाची खरी पावती हीच. पण बघा, मी बोलले नसते तर गाडी तशीच बाहेर पडली असती. तेव्हा तुम्ही गेलात तर पैसे द्यायच्या आधी दहा पावलं मागे जाऊन बघाच.

दोन गोष्टींना त्याने स्वतः नकार दिला. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण दाणेदार प्लॅस्टिकचं आहे, त्यावर गोंद धरत नाही, महिन्यात उठेल म्हणाला. आणि बॉनेट. ते आमचं तीन वर्षांपूर्वी गॅरेजात पुन्हा रंगवलेलं. त्यावरचं व्हिनाइल पुढे कधी सोलायला गेलं तर रंगच बरोबर निघून येऊ शकतो. शिवाय आभाळाकडे तोंड असलेल्या भागांवर व्हिनाइल लवकर म्हातारं होतं, उभ्या भागांवर जास्त जगतं. मुलाचा चेहरा पडला. मी त्या माणसाला मनात हात जोडले. आत गिअरभोवतालची चंदेरी चौकट तेवढी केली, ती गुळगुळीत होती.

पैसे सगळे मिळून ४,२०० रुपये. तक्रारी आहेत. तीन तास सांगून सहा तास घेतले. चार तास मी स्टुलावर काढले आणि शेवटी दुकान उघडायला रिक्षाने निघून आले, मुलगा गाडी घेऊन साडेआठला घरी पोचला. बसायला ते एकच स्टूल, पंखा नाही. बिल दोनदा मागावं लागलं. गाळ्यासमोर टेम्पो लागलेले असतात, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तरच गाडी आत जाते.

आठवडाभर धुवू नका आणि प्रेशरचा फवारा कधीही कडेवर मारू नका, एवढं सांगून पाठवलं होतं. एक सांगायचं मात्र राहिलं त्याचं: ठशाच्या व्हिनाइलला पॉलिशची पेस्ट लावू नये. आमच्या पुसणाऱ्याने लावली, विणीत पांढरं भरून बसलं, आणि मी रविवारची दुपार जुना टूथब्रश घेऊन पार्किंगमध्ये काढली.

उन्हाळा गेला, पावसाचे दोन महिने गेले. पिलर जसेच्या तसे. उजवा आरसा ठीक. डाव्या आरशाला इंडिकेटरच्या खाचेपाशी तांदळाच्या दाण्याएवढी कड उठली आहे. फोन केला तर म्हणाला, "ताई, नखाने उचकटू नका, मंगळवारी घेऊन या, तापवून बसवून देतो." मंगळवारी माझं दुकान बंद असतं. जाईन, आणि या वेळी घरून उशी घेऊन जाईन.