दहा टक्क्यांचा संकल्प: ‘गिव्हिंग व्हॉट वी कॅन’ घ्यावा का?

२००९ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या या संस्थेत देव नाही, पुजारी नाही. तरी कोल्हापूरकराला तिची घडण लगेच ओळखीची वाटेल. निवृत्तीपर्यंत उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान द्यायचा, तसा जाहीर संकल्प करायचा, वाटलं तर नावापुढे नारिंगी चिन्ह लावायचं. वारकऱ्याच्या माळेसारखंच हे. एकदा घातली की मागे फिरणं जड जातं. कायद्याचं बंधन शून्य, तरी लोक देत राहतात ते यामुळेच.

नोंदणी सोपी आहे. पैसे त्यांनाच द्यायची सक्ती नाही. तुम्हाला प्रभावी वाटणाऱ्या संस्थेला द्या आणि त्यांच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात नोंद करा. पण थेट दहा टक्क्यांवर जाऊ नका. किमान एक टक्क्याचा, ठरावीक मुदतीचा चाचणी संकल्प आहे, तो आधी घ्या. ५०,००० पगारावर एक टक्का म्हणजे महिना ५०० रुपये, दहा टक्के म्हणजे ५,०००. गाडी अडते ती मार्चमध्ये: वर्षाचे ६०,००० एकदम काढताना हात आखडतो. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून रक्कम आपोआप वळती होईल असं करा.

परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर देणगीची करवजावट (८०जी म्हणून ओळखली जाणारी) नाही. इथल्या पात्र संस्थेला दिले तर जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

धर्माचे दोषही सोबत आलेत. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये मांडलं, की माणूस लांब आहे म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही. त्यावरून पुढचा हिशेब: एका रुपयात जास्तीत जास्त जीव कुठे वाचतात? उत्तर बरेचदा आफ्रिकेत मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या. हिशेब खरा आहे. मात्र २०१९ च्या महापुरात शिरोळकडे गेलेल्या भाकऱ्या या तराजूत हलक्या ठरतात, हे आम्हाला मान्य नाही. शिवाय व्यक्तिपूजा. अशा हिशेबी दानाच्या चळवळीचा (इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम) बडा देणगीदार सॅम बँकमन-फ्राइड याची एफटीएक्स ही क्रिप्टो-चलनाची कंपनी २०२२ मध्ये बुडाली, २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. पैसा सत्कार्याला जातोय म्हटल्यावर तो आला कुठून, हे पुरेसं विचारलं गेलं नाही.

तरीही चाचणी संकल्प जरूर घ्या. गावच्या पुरासाठी, वसतिगृहासाठी द्यायचे पैसे मात्र वेगळे काढा. ते या टक्क्यांत मोजू नका.