मार्केटप्लेसवर घरची चटणी विकताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव (गिऱ्हाइकांनीही वाचावा)

आधी निकाल सांगते, मग हिशेब. पाचपैकी अडीच. मार्केटप्लेस म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणारी ऑनलाइन साइट, आणि गावाबाहेर माल पोचवायला ही सोय उत्तम आहे. पण आमच्या चटणीचा पुडा किती ग्रॅमचा असावा, तो कितीला विकावा आणि दुसरीकडं त्याचा दर काय ठेवावा, हे बघता बघता आमच्या हातातून गेलं. माझी तक्रार कमिशनची नाहीच. कमिशन शून्य आहे!

कंपनीचं नाव देत नाही. आमच्या ओळखीत दुसऱ्या साइटवर विकणारे आहेत, त्यांच्या बिलातले आकडे वेगळे असले तरी बिलाची तऱ्हा तीच.

आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. चटणी सासूबाईंच्या हातची, कांदा-लसूण. मार्च उजाडला की लक्ष्मीपुरीतून मिरची येते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, ठसक्याला थोडी लवंगी. कांदा वाळवून तळायचा, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, खडा मसाला वेगळा तेलात फुलवून घ्यायचा आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. घरी येऊन नेणाऱ्याला किलोला ४८० रुपये. पुण्या-मुंबईची माणसं पूर्वीपासून न्यायची, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून डबे जायचे. कोरोनानंतर लोक विचारायला लागले, "वहिनी, ऑनलाइन नाही का?" म्हणून सुरू केलं.

कागदपत्रांचा त्रास वाटतो तितका नाही. लहान उलाढालीला एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी चालते; आम्ही घेतली तेव्हा मर्यादा बारा लाखांची होती आणि फी वर्षाला शंभर रुपये. जीएसटी मात्र लागतोच. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत आहे, पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना. बेळगाव आम्हाला पुण्यापेक्षा जवळ, तरी तिथं एक पुडा ऑनलाइन पाठवायचा तर जीएसटी नंबर हवा.

आता पुड्याची गोष्ट. आमचा मूळ पुडा अर्ध्या किलोचा. पिशवी, आतली दुसरी पिशवी (तेल सुटतं, एका पिशवीवर भागत नाही), बॉक्स, चिकटपट्टी धरून वजन ५४० ग्रॅम भरायचं. कुरिअरचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा. वरच्या चाळीस ग्रॅमसाठी किलोचा दर पडायचा. म्हणून पुडा ४०० ग्रॅमचा केला. तरी बिल किलोचंच! तेव्हा कळलं की खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचं वजनही काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. आमचा बॉक्स २० बाय १५ बाय १०, म्हणजे कागदावर ६०० ग्रॅम. आत चटणी कमी आणि हवा जास्त, आणि हवेचंही भाडं भरत होतो. मग १८ बाय १३ बाय ८ चे बॉक्स करून घेतले, ते ३७४ ग्रॅमवर बसतात. आता पुडा पहिल्या टप्प्यात जातो.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्यांच्या लेखी चटणी पाव, अर्धा नाहीतर किलो. "चारशे ग्रॅम हे काय माप झालं?" असं त्या अजून विचारतात. बाजारातल्या पुड्यांवर चित्रविचित्र वजनं का असतात, याचं एक उत्तर मला इथं मिळालं.

४०० ग्रॅमची किंमत ठेवली २९९, कारण साइटवर आमच्या शेजारी दिसणारे सगळे पुडे २९९ ला. त्यातून काय कटतं ते एका राज्याबाहेरच्या ऑर्डरवर सांगते. कमिशन शून्य. ठरावीक शुल्क २६ रुपये. कुरिअर ७०. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १७ रुपये २८ पैसे. एकूण गेले ११३. शिवाय साइट आधीच कापून सरकारकडे भरते ते कर, टीसीएस अर्धा टक्का आणि टीडीएस ०.१ टक्का, मिळून पावणेदोन रुपये, ते नंतर हिशेबात परत मिळतात. हातात १८४. जाहिरातीचे सरासरी ३५ आणि त्यावरचा जीएसटी वजा केला की १४३. चटणीचा खर्च ११६, पिशव्या-बॉक्स-लेबलचा १९. राहिले आठ रुपये. एक पुडा फुटला की पंधरा-वीस पुड्यांची कमाई गेली.

तीच ४०० ग्रॅम दारातून नेली तर गिऱ्हाइकाला १९२ पडतात आणि आम्हाला कर भरून साठेक रुपये सुटतात. म्हणजे ऑनलाइन घेणारा शंभरावर रुपये जास्त देतो आणि करणाऱ्याच्या पदरात आठ पडतात.

जीएसटीचं क्रेडिट मिळतंच की, म्हणजे शुल्कांवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या करातून वळता होतोच की, असं कुणी म्हणेल. मिळतं. पण विक्रीवर कर पाच टक्के आणि शुल्कांवर भरलेला अठरा. घरच्या विक्रीचा कर त्यातून वळता करूनही क्रेडिट लेजरमध्ये साचत राहतं, आणि सेवांवरच्या अशा साचलेल्या क्रेडिटचा परतावा रोखीत मिळत नाही. सीएला विचारलं तर म्हणाला, "विक्री वाढवा." वाढवू की.

आणि ते शून्य कमिशन. मीशोने २०२१ पासूनच कमिशन बंद केलं. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच मालावरचं काढलं, फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरात हजाराखालच्या मालावरचं. ही स्पर्धा चांगलीच आहे, लहान विक्रेत्याला तिचा फायदा होतो. पण विक्रेत्याने पाहावं ते शेवटी हातात किती आलं ते. कुरिअर, ठरावीक शुल्क आणि जाहिरात या तीन ओळी वाचल्याशिवाय 'शून्य' या आकड्यावर भाळू नका.

जाहिरात ऐच्छिक आहे असं सांगतात. बंद करून पाहिली. 'कोल्हापुरी कांदा लसूण मसाला' असं शोधल्यावर आधी दिसतात ते पैसे भरून वर आलेले पुडे, बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेले. मोबाइलवर पहिला स्क्रीन त्यातच संपतो. त्यातल्या काही 'कोल्हापुरी' पुड्यांचा पत्ता वाचला तर तो महाराष्ट्रातलाही नाही. जाहिरात बंद असताना आमचा पुडा शोधायला मलाच बोट दुखेपर्यंत खाली सरकवावं लागलं आणि ऑर्डरी जवळपास आटल्या. परत सुरू केली. क्लिकला पाच-सहा रुपये, सहा-सात क्लिकांमागे एक ऑर्डर. सेलच्या आठवड्यात क्लिकचा दर चढतो, आणि सेलमध्ये सवलत दिली नाही तर माल आणखी खाली. म्हणजे दिवाळीत, जेव्हा लोक खरेदीला बसलेले असतात, तेव्हा आमचं नुकसान सगळ्यात जास्त. या दिवाळीत आम्ही सेलमध्ये गेलोच नाही. फराळाच्या चकली-भाजणीची आमची गिऱ्हाइकं तशीही दारात येतात.

मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळी आहे. मध्यंतरी एका दुसऱ्या, लहान साइटवर तोच पुडा २५९ ला लावला होता. तिथं शुल्क कमी, म्हणून दर कमी, सरळ हिशेब. काही दिवसांत मोठ्या साइटवर आमच्या पुड्यासमोरचं खरेदीचं मुख्य बटण गायब झालं. माल आहे, पान आहे, पण घ्यायचं तर दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारून विक्रेत्यांच्या यादीत जावं लागायचं. इतका खटाटोप कोण करतो? कळवलं तर छापील उत्तर आलं की तुमची किंमत 'स्पर्धात्मक' नाही. लहान साइटवर २९९ केल्यावर बटण परत आलं. म्हणजे जिथं खर्च कमी आहे तिथंही ग्राहकाला स्वस्त द्यायची सोय राहिली नाही. मोठ्या साइटचं शुल्क त्या साइटवर पाऊल न ठेवणाऱ्यानेही भरायचं.

हे एकट्या आमच्या घरातलं रडगाणं नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने आणि १७ राज्यांनी अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. त्यातला एक मुख्य आरोप हाच, की दुसरीकडं स्वस्त विकणाऱ्याला शोधात मागं ढकललं जातं. कंपनी ते मान्य करत नाही. आपल्याकडं स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली. तिथं मुद्दा होता ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचा. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, सरकारने परदेशी गुंतवणुकीचे नियम कडक केले होते. ज्या विक्रेत्यात मार्केटप्लेसचा हिस्सा आहे त्याने त्याच मार्केटप्लेसवर विकायचं नाही, असं त्यात आहे. कायदे नाहीत असं नाही. पण चौकशीला वर्षं लागतात आणि आमची चटणी वर्षभरच टिकते.

गिऱ्हाईक कोण, हे न कळणं हा आणखी एक भाग. नागपूरचे एक गृहस्थ ठरावीक काळाने दोन-दोन पुडे मागवतात. कोण, काय, माहीत नाही. नंबर दिसत नाही. पुड्यात आमच्या नंबरची चिठ्ठी घालायची नाही, तो नियमभंग. नव्या मिरचीची चटणी आली हे त्यांना सांगायचं तर जाहिरातच करायची, म्हणजे जे आमची चटणी खातायत त्यांच्याचपर्यंत जायला पुन्हा क्लिकचे पैसे. दुकानात वर्षभर येणाऱ्या माणसाला आपण निदान "काय पावणं, बरं हाय न्हवं?" तरी म्हणतो.

घेणाऱ्याच्या बाजूनेही बघितलं. पुण्यातल्या नणंदेला मुद्दाम आमचाच पुडा मागवायला लावला. पानावर २९९. शेवटच्या पानावर डिलिव्हरीचे ४० आणि कसल्याशा शुल्काचे १० वाढून ३४९. वन्सं म्हणाल्या, "यापेक्षा मी एसटीने येऊन नेते." शेवटच्या पायरीला किंमत अशी फुगवत नेणं हे नोव्हेंबर २०२३ च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या प्रकारांच्या यादीत आहे. घेणाऱ्यांसाठी आणखी एक: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता पानावर असलाच पाहिजे. 'कोल्हापुरी' वाचून भुलू नका, खाली जाऊन पत्ता बघा. तक्रार केली तर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हाही नियम आहे.

चांगलं सांगायचं तर तेही बरंच आहे. पैसे वेळेवर, दर आठवड्याला, न मागता. उधारी नाही. कोल्हापुरात दुकानातून माल ठेवायचा तर वीस टक्के दुकानदाराचे, पैसे माल खपल्यावर, आणि मुदत संपलेला माल परत आपल्याच गळ्यात. तेव्हा ऑनलाइनवालेच लुटतात आणि बाकीचे धर्मादाय करतात, असं मुळीच नाही. कुरिअरवाला दारातून पार्सल नेतो. गुवाहाटीहून, जमशेदपूरहून ऑर्डर येते. तिथं आमचा कुठला पाहुणा नेऊन देणार होता? गुवाहाटीच्या बाईंनी लिहिलं होतं, मिसळ अगदी गावासारखी झाली. सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

फरक एवढाच की दुकानदाराशी भांडता येतं. तो म्हणतो पंचवीस, आपण म्हणतो अठरा, चहा होतो, वीसवर मिटतं. इथं दर बदलल्याचा ईमेल येतो आणि पुढच्या तारखेपासून तो लागू. तेल गळल्याच्या एका तक्रारीत फोटोतला पुडा आमचा नव्हताच, लेबलचा रंगसुद्धा वेगळा. ग्राहकाला पैसे परत गेले, आमच्या खात्यातून. साइटकडे तक्रार नोंदवली (तिला तिकीट म्हणतात), चार वेगवेगळ्या नावांच्या लोकांनी एकच मजकूर पाठवला आणि तिकीट बंद झालं. खाण्याचा माल म्हणून परतही येत नाही, त्यामुळे दाखवायला हातात काही नाही.

सध्या असं ठरवलं आहे. मार्केटप्लेसवर फक्त ४०० ग्रॅम, आणि लांबच्या गिऱ्हाइकांसाठी ८०० ग्रॅमची जोडी. जोडीला कुरिअर आणि ठरावीक शुल्क एकदाच लागतं, त्यामुळे तिथं दोन पैसे दिसतात. जाहिरात मार्च ते मे पूर्ण बंद, तेव्हा घरचीच मागणी पुरत नाही. अर्धा आणि एक किलो फक्त घरून, व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने आणि पार्सल पोस्टाने. नवीन सुरू करणाऱ्या बायका विचारतात, त्यांना मी एकच सांगते: पुडा ठरवायच्या आधी बॉक्सचं माप घ्या आणि ५००० ने भागा.

२०० ग्रॅमच्या पुड्याची मागणी बरीच आहे, 'आधी चव बघतो' म्हणणारे खूप. पण दीडशे रुपयांच्या पुड्यालाही तेच ११३ जातात, तेव्हा तो काही निघणार नाही.