गिरड रोडवरचं हळदीचं दुकान : हळकुंड बिनधास्त घ्या, चूर्णाच्या नादी लागू नका

मागच्या महिन्यात आईला वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या, शेख फरीद बाबांच्या दर्ग्यावर घेऊन गेलो होतो, जाम चौरस्त्यावरून समुद्रपूर आणि तिथून पुढं, तं वापस येताना रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड लागलं आणि बाहेर पाटी, "वायगाव हळद, जंगलातला मेवा, जडीबुटी मिळेल". मी काही थांबत नव्हतो, कारण २०१६ मध्ये इथल्याच वायगावच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हापासून ज्याच्या पोत्यात पिवळं काही आहे तो स्वतःला वायगावचाच सांगते. पण आई म्हणे थांब रे बाप्पा, घरची हळद सरली आहे. थांबलो. त्यानंतर दोनदा मुद्दाम गेलो, म्हणून हे लिहून राहिलो.

दुकानात गल्ल्यावर सून बसते आणि मागं खाटेवर तिची सासू, दुकान दिसायला सुनेचं पण चालते सासूचं. मी पावडरचं पाकीट उचललं तं म्हातारी खाटेवरूनच म्हणे, "पावडर काहून घेतं भाऊ, हळकुंड ने आन् घरी दळ." आता स्वतःच्याच दुकानातला माल घेऊ नको म्हणणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता. तिनं सुपातून एक हळकुंड काढून माझ्या हातात दिलं, म्हणे मोड. कट्कन मोडलं, काच फुटावी तसा आवाज, आणि आत असा गर्द नारिंगी रंग की बोटाला लागलेला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला नाही. म्हणे नीट उकडून कडक उन्हात पुरती वाळवलेली असली तरच अशी मोडते, घाईनं वाळवलेली नुसती लवते. मी विचारलं एवढी मळकट काहून दिसते, बाजारातली तं चकचकीत असते, तं हसली, "ते चकचकीत तुमालेच पाहिजे असते ना."

घरी आल्यावर मी जरा जास्तच केलं. दोन ग्लासात गरम पाणी घेतलं, एकात ही दळलेली हळद आणि दुसऱ्यात किराण्यातून आणलेली सुटी हळद, चमचा चमचा टाकली आणि न हलवता ठेवून दिली. हिची खाली बसली आणि वरचं पाणी फिकं पिवळं राहिलं, किराण्याच्या ग्लासात मात्र पाणी असं गडद पिवळं झालं की बायको म्हणे हे आपण पोरांना दुधात देत होतो का. चमक आणायला हळकुंडाला लेड क्रोमेट चोळतात म्हणजे सरळ सरळ शिसं, ते या ग्लासच्या टेस्टमध्ये पक्कं कळत नाही, लॅबच लागते, पण रंग मारलेली हळद निदान ओळखू येते. गिरडच्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल गोटे सापडतात आणि गोष्ट अशी सांगतात की शेख फरीद बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला. बाबा आज पाहिजे होते, अर्धा मसाला बाजार दगडाचा झाला असता.

हळकुंड ३२० रुपये किलो. महाग वाटते, पण भाजीला निम्मी पुरते. साध्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे जिच्यापायी हळद पिवळी आणि गुणाची ते तत्त्व, तीन-चार टक्क्यांच्या आसपास असते, वायगावच्यात सहाच्या वर सांगतात, आणि हे कर्क्युमिन नुसतं फाकलं तर अंगी फारसं लागत नाही, तेल आणि मिरे सोबत असले तर जास्त लागते. म्हणजे आपली फोडणी बरोबरच होती, सकाळी उपाशीपोटी चमचाभर हळद खाऊन तोंड वाकडं करायची गरज नव्हती.

गोडंबीचं, म्हणजे बिब्याच्या आतल्या गराचं, वेगळं सांगतो. पाव किलोचे अडीचशे म्हटल्यावर मी घासाघीस करायला लागलो तं म्हातारी काहीच बोलली नाही, नुसता हात पुढं केला. बोटांची पेरं काळी, कातडी जागोजागी जळून जाड झालेली, एका नखाची तं जागाच उरली होती. बिबा फोडला की त्याचं तेल उडते आणि अंगावर उतते, म्हणजे फोड येतात, धोबी लोक पूर्वी कपड्यावर खुणा करायला तेच तेल वापरायचे, धुतलं तरी जात नाही असं. राख लावून फोडते म्हणे, तरी लागतेच. मी गुपचूप अडीचशे दिले. डिंकाच्या लाडवात घातली, चव काजूच्या चार पावलं पुढं.

पण याच दुकानात बिब्याचं तेल छोट्या बाटलीत सरळ विकायला ठेवलं आहे, टाचेच्या भेगांसाठी म्हणून, त्यावर ना चिठ्ठी ना काही. हे मला अजिबात पटलं नाही. माझ्या मामानं असंच कुठूनतरी आणून घोट्याला लावलं होतं, पाय भाकरीसारखा फुगला आणि पंधरा दिवस वावरात जाता आलं नाही. वैद्य लोक बिबा विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत, ते काही उगाच नाही. मी सुनेला म्हटलं, निदान लिहून तरी ठेवा. "हो भाऊ, लिवतो" म्हणे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही लिहिलेलं नव्हतं.

भिवापुरी मिरची म्हणून जी दिली ती अर्धी भिवापुरी वाटली, अर्धी कुठली ते देवाले माहीत. अस्सल वाण आता कमीच पिकते हे समजू शकतो, पण मंग भाव तरी अस्सलचा लावू नका ना. जवसाची चटणी पहिल्या वेळी एक नंबर, लसूण ठेचून टाकलेला, ज्वारीच्या भाकरीसोबत दोन दिवसात बरणी खाली. दुसऱ्या वेळी खवट निघाली. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-थ्री असते, त्याच्यासाठीच तं लोक खातात, आणि त्याच्यापायीच कुटून ठेवलं की लवकर खवट होते. त्यापेक्षा अख्खा जवस घ्या आणि आठवड्याला लागेल तेवढाच भाजून कुटा. अख्खाच गिळू नका, जसाच्या तसा बाहेर येते. मोहाचे लाडू गोड खाणाऱ्यांसाठी ठीक.

आता ते चूर्ण. गल्ल्याजवळ बाहेरच्या कंपनीची पाकिटं लटकवलेली आहेत, वर पांढऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो आणि "शंभरी गाठा" असं मोठ्या अक्षरात. २०० ग्रॅमचे ४५० रुपये. आत हिरडा, बेहडा, आवळा, गुळवेल, हळद असं लिहिलं आहे, पण कोणतं किती ते नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, लायसन नंबर नाही. हिरडा-बेहडा-आवळा तीनही तिथंच सुटे मिळतात, तिन्ही पाव-पाव किलो घेऊन शंभर-सव्वाशेत काम झालं माझं. आणि गुळवेलीचं जरा सांभाळून. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटचं लिव्हर बिघडल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही, वेल ओळखण्यात चूक झाली असेल म्हणे. चूक वेलीची असो की कशाची, पाकिटातल्या भुकटीत कोणती वेल आहे हे मी कसं ओळखू? आमची आजी कडुनिंबावर चढलेलीच गुळवेल तोडायची, दुसऱ्या झाडावरची हातात धरत नव्हती.

आजी ९१ वर्षं जगली. असलं चूर्ण तिनं जन्मात पाहिलं नाही, खाणं म्हणजे भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि ऐंशीपर्यंत वावरात निंदायला जायची. आता खरं सांगायचं तं तिची सख्खी बहीण अगदी तेच खाऊन साठीतच गेली. म्हणून फोटोतल्या दाढीवाल्याला मी लांबूनच रामराम केला. म्हातारीला विचारलं, हे तुम्ही घेता का हो आजी? तं ती सुनेकडं पाहून म्हणे, "हे इचं हाय, पाकिटामागं कमिशन भेटते."

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. हळकुंडाला आणि गोडंबीला पाच, मिरचीला दोन, बिब्याच्या बाटलीपायी अर्धा कापला. नवी हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, उकडून वाळून दुकानात यायला पुढं वेळ लागते, म्हणून मी एप्रिलसाठी पाच किलो आताच सांगून ठेवली आहे. दुपारी दीड ते चार जाऊ नका, म्हातारी झोपलेली असते आणि सून पावडरच गळ्यात मारते. फोनपे आहे पण तिथं रेंज नाही, सुटे पैसे घेऊन जा.