सरपणासाठी शेड: बांबूचं, टिनाचं की पक्की खोली?

नागपुरात ज्यांच्या घरामागे अजून मोकळी जागा उरली आहे, त्यांच्याकडे सरपण कुठल्या ना कुठल्या निमित्ताने येतंच. थंडीत अंघोळीचा बंब, रविवारी चुलीवरचं सावजी मटण, उलट्या मडक्यावरची लांब पोळी. आलेलं लाकूड मात्र बहुतेकदा कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि वर ताडपत्री टाकतात. ताडपत्री पाऊस अडवते, पण जमिनीतून वर येणारा ओलावाही आत कोंडते. तो पर्याय मी इथे धरलेलाच नाही.

शेडकडून नेमकं काय हवंय, हे आधी ठरवू. ओलं लाकूड धूर करतं, जाळ धरत नाही; नीट पेटायला त्यातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली हवा. लाकूड वाळवायचं काम आपला उन्हाळा फुकटात करतो. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही ४४-४५ अंश म्हणजे आपल्याला बातमी वाटत नाही. अडचण असते ती जून ते सप्टेंबरची, कारण वर्षाचा हजारेक मिलिमीटर पाऊस बहुतेक त्याच चार महिन्यांत पडतो. म्हणजे शेडने लाकूड वाळवायचं नाही, वाळलेलं तसंच ठेवायचं आहे. त्यासाठी वर छप्पर हवं, खाली जमिनीपासून अंतर हवं आणि बाजूंनी वारा हवा. भिंतींची गरज जवळजवळ नाहीच.

म्हणूनच पक्क्या खोलीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. राखेच्या विटा कोराडी-खापरखेड्यामुळे इथे सहज मिळतात, गवंडीही मिळतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘एकदाच पक्कं करून टाका’ हे पटतं. पण बंद खोलीत श्रावणातली दमट हवा कोंडते आणि पोळ्यापर्यंत खालच्या थराला बुरशी धरते. शिवाय आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लाकडं ठेवायच्या खोलीसाठी कोणी मुरूम लागेपर्यंत पाया खोदत नाही. दीड फुटावर भरतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. तिसरी गोष्ट परवानगीची. घराभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत पक्कं बांधकाम करायचं तर आधी मनपा किंवा नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) विचारावं लागतं, आणि शेजाऱ्याशी आधीच कुरबुर असेल तर तक्रारीला आयतं कारण मिळतं. खोली बांधायचीच असेल तर समोरासमोरच्या दोन भिंतींत विटांची जाळी सोडा. सायकल, कुंड्या, जुना कूलर असं सगळं ठेवायला एक कोठी हवीच असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग ती कोठी झाली, सरपणाचं शेड नव्हे.

खरी निवड आहे ती बांबू आणि टिन यांच्यात.

बांबूचं शेड सर्वांत स्वस्त, आणि वारा त्यातून सहज खेळतो. गडचिरोली-चंद्रपूरकडचा बांबू इथे मिळतो. खांबांना मानवेल घ्या. तो भरीव असतो, वजन पेलतो. कटांग जाड दिसतो, पण आतून पोकळ. बाजूंना बुरडाकडून विणून घेतलेले तट्टे लावायचे, तेही वरपर्यंत नाही. हे काम गावाकडचा एखादा माणूस दोन दिवसांत उभं करतो. बांबूचे शत्रू दोन: घुण आणि उधळी (वाळवी). घुणासाठी बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात बांबू भिजवून घेतात. मात्र हे औषध पावसाने हळूहळू धुऊन जातं, त्यामुळे झड लागणाऱ्या खांबाला त्याचा भरवसा धरू नये. उधळी तर थेट जमिनीतून चढते. खांब मातीत पुरलात तर शेड आधी संपेल, सरपण नंतर. सिमेंटच्या लहान ठोकळ्यावर लोखंडी पट्टी बसवून त्यावर खांब उभा केला की आयुष्य बरंच वाढतं. तरी बांधलेले दोर आणि तट्टे अधूनमधून बदलावे लागणार, हे गृहीत धरा. भाड्याचं घर असेल किंवा पुढच्या काही वर्षांत मागे खोली काढायचा विचार असेल, तर बांबूच घ्या. सोडवून नेता येतो, आणि शेवटी बंबातही जातो (औषध न लावलेला असेल तरच).

छपराला कवेलू (कौलं) दिसायला सुरेख, पण वांदरांचा रस्ता तुमच्या आवारातून जात असेल तर नाद सोडा. गोरेवाडा, सेमिनरी हिल्सकडच्या लोकांना हे सांगायला नको. सिमेंटचा पत्राही फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत तडकतो. बांबूच्या सांगाड्यावरही टिनच टाकलेलं बरं.

टिनाचं शेड म्हणजे लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाइपचा सांगाडा आणि वर गॅल्व्हनाइज्ड पत्रा. बांबूपेक्षा महाग, पक्क्या खोलीपेक्षा बरंच स्वस्त. लोखंड इतवारीतल्या लोहाओळीत बघून घ्या, वेल्डर तुमच्या भागातलाच धरा. काळ्या मातीत हा सांगाडा थोडा हलला तरी त्याला चीर जात नाही, हा त्याचा मोठा गुण. तापलेल्या टिनाखालची हवा गरम होऊन उघड्या बाजूंनी निघून जाते आणि जाताना ओलावा घेऊन जाते. राहण्याच्या खोलीत टिन छळतं, लाकडाला तेच मानवतं.

टिनाला खरी भीती वाऱ्याची. मे महिन्यातल्या संध्याकाळचं ते धुळीचं वादळ उघड्या शेडच्या पोटात शिरतं आणि पत्रा खालून उचलतं. उडालेला पत्रा कोणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही. म्हणून पाय निदान दोन फूट खोल काँक्रीटमध्ये हवेत, आणि पत्र्याचे स्क्रू रबरी वायसरसकट उंचवट्यावर मारलेले हवेत, पन्हाळीत नव्हे. पन्हाळीतल्या भोकातून पाणी गळतं. उतार फुटाला दोन इंच. पश्चिमेकडून झड येते, तिकडे पत्रा दीड फूट बाहेर काढा आणि ती एकच बाजू तट्ट्याने झाका. पूर्व उघडी ठेवा.

स्वतःचं घर आणि वर्षाला चार-सहा क्विंटल लाकूड, एवढा हिशेब असेल तर मी डोळे मिटून टिन सांगेन. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट उंच रचाई झाली तर दीड-दोन टन लाकूड मावतं, म्हणजे बंबापुरतं लागत असेल तर याहून लहान शेडही पुरे.

कुठलंही शेड घ्या, खाली मुरूम टाकून त्यावर विटांच्या ओळी आणि विटांवर आडवे वासे हवेत, जमिनीपासून सहा इंच तरी. घराच्या भिंतीला आणि मीटरच्या पेटीला चिकटून बांधू नका. कूलरच्या स्टँडखाली तर नकोच. चार महिने ठिबकणाऱ्या पाण्याने उधळीला आमंत्रणच मिळतं. सरपणावर उधळीचं औषध फवारू नका, तो धूर तुमच्याच नाकात जाणार. रचाईत उंदीर येतात आणि उंदरांमागून घोणस, नाग. पावसाळ्यात लाकूड हाताने ओढण्याआधी काठीने हलवून बघा.

काम होळीनंतर लगेच काढा. मे उजाडला की वेल्डर दुपारी हात लावत नाही आणि काँक्रीटला पाणी मारून मारून आपण थकतो. लाकूडही तेव्हाच, मार्चमध्ये, लकडगंजच्या टालावरून फोडून आणा. गोल ओंडके नकोत. साल पाणी सोडत नाही. रोहिणीपर्यंत ते उन्हात उघड्यावर राहू द्या आणि मृगाच्या आधी शेडमध्ये रचा.