लाकडाच्या स्टोव्हच्या बिजागऱ्यांना कोणते वंगण? एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील आमच्या घरातला ओतीव लोखंडाचा स्टोव्ह ऑक्टोबर ते एप्रिल जवळजवळ अखंड पेटलेला असतो आणि लाकूड सारण्यासाठी त्याचे दार दिवसातून सात-आठ वेळा उघडावे लागते. मागील हिवाळ्यात हे दार कुरकुरू लागले, तेव्हा गावाकडच्या सवयीने मी बिजागरीत खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले. तासाभरात घरभर करपट वास पसरला, आणि आठवड्याभरात पिनेवर काळे, चिकट पुट चढून त्यात उडती राख अशी रुतली की दार फिरवताना पॉलिशपेपर घासल्यासारखे वाटे.

यंदा मी वरच्या बिजागरीला कुलपात घालतात ती ग्राफाइटची कोरडी पूड आणि खालच्या बिजागरीला तांब्याचे अँटिसीझ (बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून लावायचे, तांब्याची पूड मिसळलेले ग्रीस) लावले व जानेवारीत दोहोंची अदलाबदल केली. बिजागरीशेजारी लावलेला चुंबकी थर्मामीटर चांगल्या आगीतही २३० अंश सेल्सिअसच्या वर गेला नाही.

अँटिसीझच्या डब्यावर ९८० अंश असे ठळक छापलेले आहे. मात्र हा आकडा बोल्ट जाम न होण्याचा आहे, सतत फिरणाऱ्या सांध्याच्या वंगणाचा नव्हे. त्यातील ग्रीस फार आधीच जळून जाते आणि मागे तांब्याचा कोरडा चुरा उरतो. वर्षातून एकदा सोडायच्या बोल्टला तेवढे पुरते, दाराला पुरत नाही. पहिल्या आगीत इतका धूर झाला की बाहेर उणे पंधरा असताना खिडकी उघडावी लागली. त्यानंतरचे तीन आठवडे दार लोण्यासारखे फिरले आणि मग पुन्हा अडखळू लागले.

ग्राफाइटने धूर केला नाही, वास आणला नाही. हवेत ते साधारण ४५० अंशांच्या आसपास जळू लागते, म्हणजे आमच्या बिजागरीला भरपूर वाव आहे. आमच्या दाराचा बहुतेक भार खालच्या बिजागरीवर येत असल्याने तिथे पाच-सहा आठवड्यांनी पूड पुन्हा घालावी लागली. वरची एकदा घातलेल्या पुडीवर जानेवारीपर्यंत चालली. बोटे मात्र काळी होतात आणि फिक्या गालिच्यावर सांडलेली पूड सहजी निघत नाही, हे मला घरातून पुरेसे ऐकवले गेले आहे.

दोन्ही वेळा खरा फरक वंगणाआधीच्या सफाईने पडला. स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर दोघांनी मिळून दार वर उचलून पिनांवरून काढावे, कडेच्या दोरीचे सील दुखावणार नाही असे आडवे ठेवावे, पिना स्टील वुलने चकचकीत होईपर्यंत घासाव्यात आणि भोकांतली राख कोरड्या ब्रशने काढावी.

टेफ्लॉनचा स्प्रे मी आणलाच नाही. साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊ लागते, त्या वाफा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जिवावर बेततात, आणि आमचा पोपट त्याच खोलीत असतो.

उरलेले अँटिसीझ मी नोव्हेंबरातच धुराड्याच्या नळीच्या स्क्रूंना लावून ठेवले होते. दरवर्षी डोकी झिजवणारे ते स्क्रू या एप्रिलमध्ये हाताच्या एका फिरकीत सुटले.