वारा अडवायला झाडांचा पट्टा लावून घेतला, 3 वर्षांनंतरचा अनुभव

शेताच्या वाऱ्याकडच्या बाजूला 3 ओळींचा पट्टा एका नर्सरीकडून लावून घेतला, आखणी, रोपं, लागवड आणि पहिल्या वर्षाची देखभाल सगळं त्यांच्याचकडे. आखणीला 5 पैकी 5, देखभालीला 2 सुद्धा जास्त होतील.

आधी वारा सुटला की वाळू जमिनीलगत उड्या मारत यायची आणि कोवळी पानं अक्षरशः खरवडून टाकायची, पेरलेलं बी कुठं उघडं पडायचं तर कुठं गाडलं जायचं. बहुतेक वाळू फूटभर उंचीच्या आतच वाहते, त्यामुळं खालून मोकळी राहणारी नुसती उंच झाडं लावून भागत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मी भिंतीसारखी गच्च झाडं मागत होतो तर म्हणाले नको, गच्च केलं की वारा वरून जातो आणि मागं लगेच भोवरा करून खाली येतो, निम्मा वारा गाळून जाऊ द्या. म्हणून वाऱ्याकडं झुडपं, मागं सुरूच्या झाडांच्या 2 ओळी, तिरक्या जोडणीत, म्हणजे एका ओळीतलं झाड दुसरीतल्या दोन झाडांच्या मधल्या फटीसमोर येतं. आज सुरूची झाडं 5 मीटरच्या आसपास आहेत आणि झाडाच्या उंचीच्या दहापट म्हणजे 50 मीटरपर्यंत फरक डोळ्यांना दिसतो, पुढं हळूहळू कमी होतो.

आता तक्रार. रोपं जुनी निघाली. एक पिशवी फाडून बघितली तर मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली, अशी रोपं नंतर मरतात नाहीतर वाऱ्यात कलतात. आमची एका जागी ओळीनं 6 मेली. नांग्या भरून द्या, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपं लावून द्या, म्हणून नर्सरीला किती फोन केले, आज येतो उद्या येतो करत पावसाळा गेला. आणि पट्ट्यात खिंडार पडलं की वारा तिथून उलट जास्त जोरात घुसतो, त्या एका फटीतून वाळूची लांब जीभच पिकात शिरली, ते बघून फार वाईट वाटलं, कारण बाकीचा पट्टा इतका सुंदर काम करतोय.

तर लावून जरूर घ्या, पण रोपं उतरवताना 4-5 पिशव्या स्वतः फाडून बघा आणि नांग्या भरायची तारीख लिहून घ्या. पट्ट्यालगतचं पीक थोडं दबतं, मुळं ओल ओढतात, मधे चर मारला की बरंच सावरतं. खिंडारात मी स्वतः लावलेली रोपं आता कमरेला आलीत.